डावपेची संगणक-खेळ आणि त्यांतील क्रियापदे

संगणकावरील खेळांची निवड हा विषय वरवर पाहता वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तथापि ज्या खेळांत इतिहासकालीन व्यक्ती, राज्ये आणि संस्था वावरतात, ते खेळ इतिहासाविषयी काहीएक विधान करीत असतात. आणि जेथे विधान आहे तेथे टीकेला अवसर आहे. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने ह्या चर्चेला विशेष निमित्तही आहे. १९३४ साली वर्ध्यास आलेले आणि १९३६ पासून सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहिलेले महात्मा गांधी हे ‘सिव्हिलायझेशन’ ह्या जगप्रसिद्ध खेळात १९९१ पासून भारताचे राज्यकर्ते म्हणून वावरत आले. डावपेचांची आवड असलेल्या विचारी खेळाडूने खेळ कोणत्या कसोटीवर निवडावा, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते.

खेळाची निवड सामान्यतः तीन गोष्टींवरून होते : चित्रांचा दर्जा, विषयाचे आकर्षण आणि काठिण्य. ह्या तिन्ही गोष्टी गौण आहेत. भाषेचे स्वरूप समजावून देताना सोस्यूरने बुद्धिबळाचा दृष्टान्त योजला होता. मोहरे लाकडाचे असोत वा हस्तिदंताचे, त्यामुळे डावात फरक पडत नाही. मोहऱ्याचे मूल्य त्याला लाभलेल्या चालीत असते. हाच न्याय संगणकावरील खेळांस लावला तर असे दिसते की, खेळातील नावे, पोशाख व नकाशे ही केवळ नामे होत. खेळाचा खरा आशय नियमांनी खेळाडूस दिलेल्या क्रियापदांत साठवलेला असतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण त्याच्या स्वातंत्र्यावरून केले आहे. खेळाडू हा खेळातील कर्ता मानला, तर तीन प्रश्न उपस्थित होतात. त्याला कोणत्या क्रिया करता येतात? त्याचा पराभव त्याच्याच निर्णयातून उद्भवतो की दैवाच्या फाशांतून? आणि नियम कशाला विजय म्हणतात?

सिड मायर व ब्रूस शेली ह्यांनी रचलेल्या मूळ ‘सिव्हिलायझेशन’विषयी एक आख्यायिका फार पसरली आहे. गांधींच्या आक्रमकतेचा अंक एक होता; लोकशाही स्वीकारताच त्यातून दोन वजा होत; शून्याखालची संख्या यंत्राला मांडता येत नसल्याने ती एकदम २५५ होई, आणि गांधी अणुबाँब टाकू लागत, अशी ही कथा. असा कोणताही दोष मूळ खेळात नव्हता, असे मायर ह्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट केले आहे. अण्वस्त्रे हाती असलेला कोणताही राज्यकर्ता त्या खेळात धमकीची तीच भाषा बोले. गांधींच्या मुखी ती विसंगत वाटली म्हणून लक्षात राहिली, इतकेच. पुढे २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र रचनाकारांनी विनोद म्हणून गांधींचा अण्वस्त्रांकडील कल बुद्ध्याच वाढवून ठेवला. ह्या प्रकरणाची चर्चा बहुधा चुकलेल्या अंकाभोवती फिरते. वास्तविक प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे. ज्या भाषेत सर्व राज्यकर्त्यांना वसवणे, बांधणे, देवघेव करणे आणि जिंकणे एवढीच मुख्य क्रियापदे मिळतात, तीत गांधींचे नाव घातले तरी वाक्य गांधींचे होत नाही.

२०१६ च्या सहाव्या आवृत्तीत ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दिसतो. तेथे गांधींच्या विशेष गुणास ‘सत्याग्रह’ असेच नाव आहे. त्याचे कार्य दुहेरी आहे. गांधींची भेट झालेल्या ज्या राज्यांनी धर्म स्थापला आहे व जी युद्धात गुंतलेली नाहीत, त्यांच्या संख्येनुसार भारताची ‘श्रद्धा’ वाढते; आणि गांधींशी लढणाऱ्या राज्यांच्या प्रजेस युद्धाचा शीण दुप्पट येतो. कल्पना सद्‌हेतूची आहे. परंतु व्याकरणदृष्ट्या येथे मोठा पालट झाला आहे. मराठीत सत्याग्रह ‘करतात’. ह्या खेळात सत्याग्रह ‘असतो’. खेळाडूने काही करावे, सोसावे वा नाकारावे लागत नाही. गुण आपोआप लागू होतो. क्रियेचे विशेषण झाले.

हा पालट किती दूरचा आहे हे पाहण्यास पवनारपर्यंत जाणे पुरे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे ह्यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून पवनार येथे युद्धविरोधी भाषण केले आणि २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली. ह्या कृतीची घडण डावपेचांच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. सत्याग्रहीची चाल प्रतिपक्षास आधीच कळवलेली असते, तिची किंमत तो स्वतः चुकवतो, आणि शिक्षा करावी की करू नये हा पेच प्रतिपक्षापुढे उभा राहतो. डावपेचांची एवढी समृद्ध सामग्री असलेली क्रिया खेळात उतरू नये, ही केवळ ऐतिहासिक अचूकतेची उणीव नव्हे; खेळ म्हणूनही ती संधी दवडली गेली आहे.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, खेळ हा खेळ आहे. बुद्धिबळातील घोडा अडीच घरे चालतो म्हणून कोणी अश्वशास्त्राचा दाखला मागत नाही. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. दीर्घ पल्ल्याची योजना, मर्यादित साधनांची वाटणी आणि आजच्या निर्णयाचे शंभर पाळ्यांनंतरचे परिणाम ह्या गोष्टी ‘सिव्हिलायझेशन’ उत्तम शिकवतो, आणि तेवढ्यासाठी तो अवश्य खेळावा. परंतु बुद्धिबळ कोणत्याही विशिष्ट व्यक्तीचे नाव घेत नाही. नाव घेणारा खेळ त्या नावाची जबाबदारीही पत्करत असतो.

मराठ्यांचे नाव घेणाऱ्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) ह्या खेळास हीच कसोटी लावून पाहता येईल. त्यातील मोहीम १७०० सालापासून सुरू होते. त्या वर्षी राजाराम महाराज निवर्तले, साताऱ्याचा किल्ला मोगलांनी घेतला आणि तरीही ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांचा लढा वाढतच गेला. किल्ले गमावूनही सत्ता विस्तारते, हे त्या काळाचे मर्म होय. खेळात मात्र प्रत्येक प्रांताला एका वेळी एकच धनी असतो, आणि विजय ताब्यातील प्रांतांवरून मोजला जातो. अंकित राज्ये करता येतात. परंतु मुलूख दुसऱ्याचा ठेवून त्याच्या वसुलाचा चौथा हिस्सा घेणारी चौथाई ह्या व्याकरणात बसत नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांचा दोअमली कारभार दीर्घकाळ चालला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा त्या मुलखावरील हक्क संपला आणि नदी ही सरहद्द झाली. एक भूमी, एक धनी असा जो नकाशा हा खेळ १७०० साली गृहीत धरतो, तो ह्या प्रदेशात शंभर वर्षांनंतर, तोही कंपनीने लादलेल्या तहाने आला.

एकाच भूमीवर अनेकांचे हक्क असू शकतात, हे सांगू शकणारे व्याकरण ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) ह्या खेळात आढळते. त्यात ८६७ आणि १०६६ सालचा भारतही नकाशावर आहे. परंपरेने चालत आलेला हक्क व प्रत्यक्ष ताबा ह्यांत तेथे भेद केला जातो; मांडलिकाची देणी कराराने ठरतात व बदलता येतात. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण ह्याचा शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट सापडला आहे. राज्य राजाचे आणि गावचा उपभोग दान घेणाऱ्याचा, अशी जी व्यवस्था अशा दानपत्रांतून दिसते, तिच्याशी ह्या खेळाचे नियम अधिक जुळते आहेत. दोष एवढाच की, कट आणि वारसा ह्यांबाबत दैवाचा वाटा मोठा आहे; ज्याला निव्वळ विचाराचे फळ हवे, तो येथे अधूनमधून निराश होईल.

अशा खेळाडूने ‘इनटू द ब्रीच’ (२०१८) हा आटोपशीर खेळ घ्यावा. पट बुद्धिबळाप्रमाणेच आठ गुणिले आठ घरांचा. शत्रू कोठे घाव घालणार हे खेळाडूच्या पाळीपूर्वीच दाखवले जाते. त्यामुळे घरे उद्ध्वस्त झाली तर दोष जवळजवळ नेहमी स्वतःच्या विचाराचा असतो. विशेष म्हणजे येथे प्रधान क्रियापद मारणे नसून ढकलणे हे आहे. शत्रूला एक घर सरकवले की त्याचा घाव रिकाम्या जागी किंवा त्याच्याच साथीदारावर पडतो. आणि यश मुख्यतः रहिवाशांची घरे किती वाचली ह्यावर ठरते. उघड झालेल्या हेतूवर विचार करण्याचे जे शिक्षण हा कल्पित कथेचा खेळ देतो, ते थोर पुरुषांची नावे मिरवणाऱ्या अनेक खेळांत मिळत नाही.

शेवटी ज्याला व्याकरण केवळ तपासायचे नसून बदलूनही पाहायचे आहे, त्याच्यासाठी ‘फ्रीसिव्ह’ आहे. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि १९९६ साली प्रथम प्रसृत झालेला हा विनामूल्य खेळ ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीवरचा असून त्याचे नियम साध्या मजकुराच्या धारिकांत लिहिलेले आहेत, ते कोणासही वाचता व पालटता येतात. चौथाईचा नियम कसा लिहावा, सत्याग्रह ही ‘असण्या’ची नव्हे तर ‘करण्या’ची गोष्ट कशी करावी, हे प्रश्न वर्ध्याच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ह्या धारिका समोर ठेवून सोडवता येण्याजोगे आहेत. ते पूर्णपणे सुटतील असे नाही. परंतु कोणता नियम लिहिता येत नाही हे कळणे, हेही इतिहासाचे व भाषेचे ज्ञानच होय.

सारांश, विचारी खेळाडूने खेळाच्या वेष्टनावरील नामे वाचून थांबू नये. आतील क्रियापदे मोजावीत. त्यांतील किती आपल्याला खरोखर करावी लागतात आणि किती यंत्र आपल्या नावावर करून टाकते, हे पाहिले की निवड फारशी कठीण राहत नाही.