निवृत्त माणूस आणि त्याचे घर

'निवृत्ती' हा शब्द मराठी मनाला परका नाही. ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचे, म्हणजेच त्यांच्या गुरूचे, ते नाव आहे. आणि प्रवृत्ती-निवृत्तीचा विचार तर आपल्या तत्त्वज्ञानात मुरलेला आहे. सरकारी कचेरीने हा शब्द उचलला, त्याच्याआधी 'सेवा' जोडली आणि जन्मतारखेच्या नोंदीवर त्याचा दिवस ठरवून टाकला. संसारातून मन काढून घेणे हा जो शब्दाचा मूळ अर्थ, तो या व्यवहारात सहसा उरत नाही. शाल-श्रीफळ घेऊन घरी परतणारा माणूस संसार सोडून जात नसतो. पुष्कळदा तो पहिल्यांदाच दिवसभरासाठी संसारात येत असतो. आश्रमव्यवस्थेत गृहस्थाने वनाकडे जायचे. आधुनिक सेवानिवृत्ताची वाट नेमकी उलट, कचेरीकडून गृहाकडे जाणारी. भारतीय साहित्यात निवृत्तीचे वर्ष ज्या कलाकृतींत चित्रित झाले आहे, त्यांतील ताणाचे मूळ बरेचसे या उलट्या दिशेत आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचा विधी येतो. अंगावर सुरकुत्या, केसांत पांढरेपणा आणि मुलाला झालेले मूल दिसले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे तेथे सांगितले आहे. त्याला पर्याय दोन: भार्येला मुलांच्या स्वाधीन करावे, किंवा तिला बरोबर न्यावे. या विधानाची वाक्यरचना विचार करण्याजोगी आहे. जाणारा कर्ता आहे; भार्या कर्म आहे. ती ठेवली जाते अथवा नेली जाते. तिने यावर काही म्हणावे, याला त्या वाक्यात जागाच नाही. विसाव्या शतकातील लेखकांनी ही जागा कोठे निर्माण केली आणि कोठे टाळली, हे पाहिले म्हणजे एरवी 'वृद्धांची उपेक्षा' या एकाच सदरात कोंबल्या जाणाऱ्या कलाकृती परस्परांहून किती भिन्न आहेत हे ध्यानात येते.

उषा प्रियंवदा यांची 'वापसी' ही हिंदी कथा १९६०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. लेखिका तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पस्तीस वर्षे रेल्वेत नोकरी करून गजाधरबाबू घरी परततात. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब शहरात आणि ते स्वतः आडबाजूच्या स्थानकांवरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, अशी त्यांची बहुतेक हयात गेलेली. घर आहे, पण ते त्यांनी पैसे पाठवून उभे केलेले घर आहे. राहून घडवलेले नव्हे. ते येतात आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो अगदी साधा: यांची खाट कोठे टाकायची? बैठकीच्या खोलीत खुर्च्या भिंतीकडे सरकवून ती टाकली जाते, पाहुण्यासाठी तात्पुरती सोय करावी तशी. पुढे ती पत्नीच्या लहानशा खोलीत, डबे, बरण्या आणि रजया यांच्यामध्ये जाते. संपूर्ण कथेचा आलेख या खाटेच्या हालचालींवर वाचता येतो. एवढ्या मोठ्या आशयाला एवढ्या सामान्य वस्तूचा आधार देऊन लेखिकेने प्रतीकाचा गाजावाजा कोठेही केलेला नाही, हा तिचा संयम.

या कथेवरील चर्चा बहुधा मुलांच्या कृतघ्नतेपाशी थांबते. ते वाचन सोपे आहे, आणि म्हणूनच अपुरे. अमर, नरेंद्र, बसंती ही मुले दुष्ट नाहीत. वडिलांच्या अनुपस्थितीत त्यांनी एक घरव्यवस्था रचली आहे. तीत स्वयंपाकाचा गोंधळ आहे, नोकराचा खर्च आहे, शेजारी जाण्याचे स्वातंत्र्य आहे. गजाधरबाबू येऊन नोकर काढतात, मुलीच्या जाण्यायेण्यावर बोट ठेवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या व्यवस्थेत ते कधी नव्हतेच तिची दुरुस्ती ते करू पाहतात. स्थानकावर ज्याच्या शब्दाला वजन होते त्याला घरात ते वजन नव्याने मिळवावे लागेल, हे त्यांना कळत नाही. कळते तेव्हा त्यांना एवढेच दिसते की आपण या घराला पैसा पुरवणारे एक निमित्त होतो.

दुसरीही एक गोष्ट या चर्चेत निसटते. गजाधरबाबूंना 'वृद्ध' म्हणण्याची सवय लागली आहे. प्रत्यक्षात ते निवृत्त आहेत, जख्ख म्हातारे नव्हेत. केंद्र सरकारी सेवेतील निवृत्तीचे सर्वसाधारण वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ६०. ही कथा त्या पहिल्या बदलाच्याही आधीची आहे. तेव्हाचा निवृत्त मनुष्य हा पंचावन्नच्या आसपासचा, धडधाकट असायचा. घरात धाकटी मुले अजून शिकती, मुलगी लग्नाची. साखर कारखान्यातील नोकरी स्वीकारून गजाधरबाबू पुन्हा घराबाहेर पडतात हे म्हणूनच विश्वसनीय वाटते. वार्धक्याचा प्रश्न शरीराचा असतो, निवृत्तीचा स्थानाचा. या दोहोंची गल्लत केली की कथेतील वेदना करुणरसात विरघळून जाते.

आणि पत्नी? नोकरीसाठी जाताना गजाधरबाबू तिला बरोबर येण्याविषयी विचारतात. तिचे उत्तर येते: घर आहे, वयात आलेली मुलगी आहे; हे सारे सोडून कसे यायचे? मनूच्या वाक्यातील कर्म येथे उत्तर देते. हे बंड नाही, मोठा आवाजही नाही. पण जिला 'मुलांच्या स्वाधीन' करायचे तिच्याच स्वाधीन ती मुले आणि ते घर आहे, ही वस्तुस्थिती या उत्तराने उघडी पडते. गजाधरबाबूंच्या दृष्टीतून कथा चालत असल्याने पत्नी आपल्याला थोराड, कुरकुरी, तुपासाखरेच्या डब्यांत रमलेली दिसते. तरुणपणीची, स्थानकावरच्या क्वार्टरमध्ये वाट पाहणारी स्त्री त्यांना आठवते आणि समोरची स्त्री परकी वाटते. लेखिकेने या नजरेचा प्रतिवाद केलेला नाही. मात्र तिच्यावर शिक्कामोर्तबही केलेले नाही. कथेत रेल्वेतल्या गणेशी या नोकराला नाव आहे, पत्नीला मात्र नाव नाही. तिला पस्तीस वर्षांत कोणी निवृत्त केले नाही, कोणी करणारही नाही.

शेवटी रिक्षा निघते. आतापर्यंत गजाधरबाबूंच्या खांद्याला खांदा लावून चालणारे निवेदन त्यांच्याबरोबर जात नाही. ते घरातच थांबते. मुलांचे सिनेमाचे बेत सुरू होतात, पत्नी उरलेला खाऊ आपल्या खोलीतल्या डब्यांशेजारी नेऊन ठेवते, आणि चालायला जागा नाही म्हणून ती खाट बाहेर काढायला सांगते. हे वाक्य क्रूर आहे असे अनेकांना वाटले. ते क्रूर असेलही. पण ज्या खोलीत तिने आयुष्य काढले तेथे पाऊल टाकायला जागा मागण्याचा तिचा अधिकार वाचकाने नाकारला तर कथेचा अर्धा भाग त्याच्या हाती लागलाच नाही, असे म्हणावे लागेल.

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) याच्या नेमके विरुद्ध टोक गाठते. गणपतराव बेलवलकरांना निवृत्त करणारी कचेरी नाही. ते स्वतःच रंगभूमीचा निरोप घेतात आणि आपले होते नव्हते ते मुलांना वाटून टाकतात. शेक्सपिअरच्या लिअरचे पडसाद या दानात सर्वांनाच ऐकू येतात. लिअरला मात्र राणी नाही. बेलवलकरांना कावेरी आहे, आणि मराठी नाटककाराने केलेली ही भर मूळच्या शोकात्मिकेचा तोलच बदलते. मनूच्या दुसऱ्या पर्यायाप्रमाणे कावेरी बरोबर जाते: मुलाच्या घरी, मग मुलीच्या घरी, मग चोरीचा आळ येतो तिथपर्यंत. या प्रवासात व्यवहार तिला त्याच्याआधी कळतो. अपमान कोठून येणार हे ती ओळखते, घरातील माणसांचे चेहरे ती वाचते. असे असताना भाषेचा सारा ऐवज नटसम्राटाच्या वाट्याला गेला आहे. त्याची स्वगते मराठी रंगभूमीचे वैभव ठरली हे निर्विवाद; परंतु त्या वैभवाची किंमत कावेरीच्या मौनाने चुकवली आहे हेही नमूद करायला हवे. ती मरते तेव्हा बेलवलकर पोरका होतो आणि नाटक त्याच्या पोरकेपणाबरोबर पुढे जाते. या नाटकाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही; पण निवृत्तीनंतरच्या घराचा प्रत्यय देण्याच्या बाबतीत काही पानांची हिंदी कथा त्याच्यापुढे जाते.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' या नाटकात तर गणितच उलटले आहे. नाना आणि नानी घरातच आहेत. निघून गेली आहेत ती मुले. एक अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. आता घरात जागेची टंचाई नाही, माणसांची आहे, आणि दारावर येणारा कोणीही परका दोघांना हवाहवासा वाटतो. दळवींचा विनोद येथे काळजात रुततो. शेवटाकडे मात्र नाटककाराने दुःखांची रास अंमळ जास्तच उंच रचली आहे. त्या दोघांच्या रिकाम्या दुपारींत जे सामर्थ्य होते ते अखेरच्या आघातांत नाही.

आर. के. नारायण यांच्या 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' (१९६७) या इंग्रजी कादंबरीतील जगन तेवढा खऱ्या अर्थाने वानप्रस्थाला निघतो. मालगुडीतील मिठाईचे दुकान, परदेशाहून कथा रचणारे यंत्र विकण्याचे वेड घेऊन आलेला मुलगा माली आणि ग्रेस ही त्याची सोबतीण या सर्वांना मागे टाकून तो नदीपलीकडच्या राईत जातो. तेथे एक मूर्तिकार देवीची मूर्ती घडवणार असतो. जगन चरखा बरोबर घेतो, आणि चेकबुकही घेतो. नारायण यांचे हसू या चेकबुकात आहे. पण जगनचे जाणे इतके हलके का झाले? त्याची पत्नी अंबिका केव्हाच वारली आहे. ठेवायचे की न्यायचे, हा प्रश्नच त्याच्यापुढे नाही. कादंबरीच्या प्रसन्नतेला ही सोय कारणीभूत आहे. तिच्यामुळेच ती 'वापसी'च्या खोलीला जात नाही.

निवृत्तीतून खरोखरीच नवा आरंभ घडल्याचे उदाहरण कल्पित साहित्याबाहेर, महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सापडते. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. पुढे सरकारने निवृत्तीसाठी हेच वय मुक्रर करावे हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल. अशा कर्त्या पुरुषाच्या घराचे काय होते, याचा शोध वसंत कानेटकरांनी 'हिमालयाची सावली' (१९७२) या नाटकात घेतला. त्यातील नानासाहेब भानू आणि बयो यांच्यामागे कर्वे दांपत्य उभे आहे हे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. शीर्षकापासूनच हे नाटक सावलीकडे, म्हणजे बयोकडे वळते, आणि कावेरीला जी भाषा मिळाली नाही ती बयोला मिळते. तरीही तिच्या फणकाऱ्यांतून अखेर हिमालयाचीच उंची सिद्ध व्हावी, अशी रचनेची ओढ आहे.

बयोच्या मागची खरी स्त्री मात्र नाटककाराची वाट पाहत बसली नव्हती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या आणि १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाईंनी 'माझे पुराण' हे आत्मकथन मागे ठेवले. या पुस्तकातील भाषा बोलण्याची आहे, घडवलेली नाही. आणि संस्थांच्या इतिहासात ज्यांची नोंद होत नाही अशा घरखर्चाच्या, मुलाबाळांच्या, लोकांच्या बोलण्याच्या गोष्टींना तीत जागा आहे. पतीविषयीचा आदर आणि त्याच्याविषयीची तक्रार ती शेजारीशेजारी ठेवते, एकीने दुसरी पुसत नाही. या दांपत्याचे पुत्र दिनकर कर्वे यांनी १९६३ साली 'द न्यू ब्राह्मन्स' हे इंग्रजी पुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्यात वडिलांचे आत्मकथन तर घेतलेच, आईचेही घेतले. एकाच घराचे दोन वृत्तांत, एकाच बांधणीत. वडिलांचा वृत्तांत वाचून झाल्यावर आईचा वाचणाऱ्याला तेच घर पुन्हा एकदा, स्वयंपाकघराच्या बाजूने, पाहायला मिळते.