ई-दस्तनोंदणीत विचारायचे कोणाला? कोलकात्याच्या अनुभवावरून एक टिपण

मालमत्ता हस्तांतरणाची देशव्यापी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था उभी करताना सरकार कोणाचा सल्ला घेते आणि कोणाचा घ्यायला हवा, एवढाच प्रश्न या टिपणात घेतला आहे. तुम्ही विधी, लोकप्रशासन किंवा माहिती तंत्रज्ञान यांपैकी काहीही शिकत असा, 'स्टेकहोल्डर कन्सल्टेशन' हा शब्दप्रयोग तुमच्या वाचनात आलाच असेल. सरकारी मराठीत स्टेकहोल्डरला पुष्कळदा 'भागधारक' म्हटले जाते. हे भाषांतर चुकीचे आहे, कारण भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेला माणूस. आपण 'हितसंबंधी' हा शब्द वापरू आणि त्याची व्याख्या थोडी कडक ठेवू: व्यवस्था चुकली तर ज्याला भुर्दंड बसतो, तो हितसंबंधी.

आधी पार्श्वभूमी पाहू. भारतात दस्तनोंदणी आजही 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार चालते. राज्यघटनेत दस्तनोंदणी हा विषय समवर्ती सूचीत, तर जमीन राज्यसूचीत आहे. त्यामुळे कायदा केंद्राचा असला तरी कार्यालये, नियम आणि संगणकप्रणाली राज्यांची, अशी वाटणी झालेली आहे. महाराष्ट्रात 2002 पासून 'सरिता' आणि पुढे 'आय-सरिता' आली. पश्चिम बंगालची प्रणाली 'ई-नथिकरण' या नावाने चालते. राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली एनजीडीआरएस ही सामाईक प्रणाली अनेक राज्यांनी घेतली आहे. याच दिशेने पुढचे पाऊल म्हणून केंद्राच्या भूसंसाधन विभागाने मे 2025 मध्ये नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि 25 जूनपर्यंत, म्हणजे 30 दिवसांत, सूचना मागवल्या. दस्त ऑनलाइन सादर करणे, इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र देणे, संमतीने आधार-पडताळणी करणे आणि आधार नसलेल्यांसाठी किंवा तो वापरू न इच्छिणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग ठेवणे, या मसुद्यातल्या मुख्य तरतुदी आहेत. शेवटची तरतूद चांगली आहे, हे टीका करण्याआधी मान्य करायला हवे.

आता कोलकात्यात हे काम प्रत्यक्ष कसे होते ते पाहा. तुम्ही बेहाला किंवा बिधाननगर भागात फ्लॅट घेता आहात असे समजा. आधी संकेतस्थळावर मालमत्तेचा तपशील भरून बाजारमूल्य, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी काढायची. त्यातून एक 'क्वेरी नंबर' मिळतो. पैसे 'ग्रिप्स' या शासकीय पोर्टलवरून भरायचे आणि वेळ घेऊन एडीएसआर कार्यालयात, म्हणजे आपल्याकडच्या दुय्यम निबंधक कार्यालयासारख्या ठिकाणी, जायचे. कागदावर ही प्रक्रिया नागरिक स्वतः करतो. प्रत्यक्षात ती बहुतेकदा मुहुरी, परवानाधारक दस्तलेखक किंवा वकिलाचा कारकून करतो. (बंगालीत 'दलिल' म्हणजे दस्त. मराठी वाचक इथे हमखास अडखळतो.) कोणता रकाना चुकीचा भरला तर मूल्यांकन फुगते, कोणत्या दस्तावर हरकत येते, ही माहिती या माणसांकडे असते. धोरणाच्या भाषेत मात्र त्यांना 'मध्यस्थ' म्हणतात आणि नवी प्रणाली मध्यस्थांना हटवण्यासाठीच आहे असे सांगतात. ज्याला हटवायचे ठरले आहे त्याला सल्ला कोण विचारणार? मुहुरींबद्दल भाबडेपणा नको. अनेकांचे पोट अडचणीवरच भरते. पण अडचण कुठे आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

सल्लामसलतीचा अभाव म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी बोटांच्या ठशांची हकीकत पुरेशी आहे. 2001 च्या दुरुस्तीने नोंदणी कायद्यात कलम 32-अ आले आणि दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे बंधनकारक झाले. तोतयेगिरी थांबावी हा हेतू योग्य होता. पश्चिम बंगालमध्ये तर दस्ताला दहाही बोटांच्या ठशांचा तक्ता जोडतात. याच कायद्याच्या कलम 57 नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक कोणालाही पाहता येते, कारण खरेदीदाराला आधीचे व्यवहार तपासता आले पाहिजेत. हेही योग्यच. पुढे दस्तांच्या प्रती स्कॅन होऊन संकेतस्थळावर मिळू लागल्या, ही सोयच झाली. दरम्यान बँकिंगमध्ये आधार आणि बोटाचा ठसा यांवर पैसे काढण्याची एईपीएस पद्धत आली. खेड्यातल्या माणसासाठी तीही सोयच.

या सगळ्या सोयी एकत्र आल्यावर काय झाले? 2023 मध्ये खात्यातून परस्पर पैसे गेल्याच्या तक्रारी कोलकाता पोलिसांकडे येऊ लागल्या. दस्तांच्या प्रतींवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवल्या जात होत्या, असे तपासात पुढे आले. त्यानंतर संकेतस्थळावरच्या प्रतींमधले ठसे झाकण्याची व्यवस्था झाली. नुकसान कोणाचे झाले? ज्याने कधीतरी जमीन घेतली किंवा विकली आणि कायद्याने सांगितले म्हणून दहा बोटे शाईत बुडवली, त्याचे. नोंदणी विभाग, बँका आणि आधारची यंत्रणा यांपैकी प्रत्येकाने आपापल्या चौकटीत नियमानेच काम केले होते.

यावर आक्षेप येईल की सामान्य माणसाला आधी विचारले असते तरी ठशाची नक्कल होईल हे त्याला कुठे सुचले असते? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. तंत्र त्याला सुचले नसते, "माझे ठसे परक्याला कशासाठी दिसायला हवेत?" हा साधा प्रश्न मात्र सुचला असता. आणि तांत्रिक इशाराही मिळालेला होता. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरून ठशांच्या नकला करून सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघड केले होते. म्हणजे मध्ये पाच वर्षे होती. राज्याराज्यांचे नोंदणी विभाग, बँका आणि दस्तधारक यांना एकत्र बसवणारी जागा असती, तर ही पाच वर्षे वाया गेली नसती असे माझे मत आहे.

परदेशातही चित्र फार वेगळे नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'पेक्सा' या प्रणालीत वकील, कन्व्हेयन्सर आणि बँका काम करतात. घर विकणारा स्वतः तिच्यात शिरत नाही. 2018 मध्ये मेलबर्नच्या एका कुटुंबाच्या घरविक्रीचे पैसे चोरांनी ईमेल खात्यात घुसून दुसरीकडे वळवले. घर विकणाऱ्यांसाठी भरपाईची हमी त्यानंतर आली. इंग्लंडचे उदाहरण मला जास्त शिकवणारे वाटते. तिथल्या लँड रजिस्ट्रीने इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाबाबत सल्लामसलत केली, फसवणुकीची भीती आणि व्यावसायिकांच्या शंका समोर आल्या, आणि 2011 मध्ये तिने ते काम थांबवले. तोवर पुष्कळ तयारी झालेली होती. "थांबा" हे उत्तर शक्य असते तेव्हाच विचारण्याला अर्थ असतो.

आपल्याकडच्या मसुद्यात बँकांचे हित लगेच ओळखू येते. मूळ दस्त ठेव म्हणून देऊन गहाण ठेवण्याची पद्धत मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 58(फ) मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांची नावे घेऊनच सांगितलेली आहे. दस्त इलेक्ट्रॉनिक झाला तर 'मूळ कागद' कोणता, हा बँकेचा खरा प्रश्न आहे. अशा गहाणाची नोंदणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव मसुद्यात आहे. विक्री करार आणि मुखत्यारपत्रेही त्या यादीत आली आहेत.

याच कोलकात्यातल्या ठिका वस्त्यांकडे मात्र या नजरेने कोणी पाहत नाही. इथे जमिनीवर घर बांधणारा ठिका भाडेकरू असतो, आणि त्याच्या खोलीत राहणारा 'भाडाटिया' आणखी वेगळा. 1981 च्या कायद्याने या जमिनी सरकारकडे आल्या. सध्या 2001 चा कायदा लागू आहे. ठिका भाडेकरूचा हक्क वारशाने जातो, पण बाहेरच्याला विकता येत नाही. भाडाटियाचे नाव तर कोणत्याच विक्रीदस्तावर येत नाही. जुन्या शहरात आपल्या सातबारासारखा खतियानही नाही, जागा महापालिकेच्या प्रेमायसेस नंबरावरून ओळखली जाते. मालकी, नकाशा आणि दस्त एकमेकांना जोडणारी राष्ट्रीय प्रणाली इथे आली, तर ज्यांच्याकडे जोडायला कागदच नाही त्यांचे काय होईल? हा प्रश्न संकेतस्थळावरच्या सूचनापेटीतून वर येणार नाही. त्यासाठी वस्तीतच जावे लागेल, तेही प्रणालीचे रकाने ठरण्याआधी.

केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणाने किमान 30 दिवसांची मुदत सांगितली आहे. आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा, असेही त्यात आहे. मुदत पाळली की धोरण पाळले, असे विभाग समजतात. सारांशाची अपेक्षा तितक्या आग्रहाने कोणी करत नाही. पुढे एखादे विधेयक अभ्यासाला घ्याल तेव्हा हा सारांश आधी शोधा. त्यात कोणत्या संस्थांची नावे आहेत, कोणत्या सूचनेमुळे कोणते कलम बदलले हे तपासा, आणि मग विचारा की दस्तावर दहा बोटे उमटवणारा माणूस त्या यादीत कुठे आहे.