द्राक्षांचा भाव की नुसता भागाकार?

निर्यात-स्पर्धेवर प्रबंध करायचा म्हटलं की बहुतेकांच्या हाती एक ठरलेली रीत येते. एक बाजारपेठ घ्या, समजा नेदरलँड्समधली ताज्या द्राक्षांची. तिथे माल पाठवणारे दोन देश घ्या, भारत आणि चिली. दोघांच्या मालाच्या वजनाचं गुणोत्तर डावीकडे, किमतींचं गुणोत्तर उजवीकडे, दोन्हींचे लॉग घ्या आणि रिग्रेशन चालवा. येणारा सहगुणक म्हणजे प्रतिस्थापन लवचिकता: आपला माल चिलीच्या तुलनेत १ टक्का महागला तर आपला खप त्यांच्या तुलनेत किती टक्के घटतो, ते. या रीतीमागे बहुतेकदा पॉल आर्मिंग्टन यांच्या १९६९च्या पेपरचा हवाला असतो. माझी तक्रार त्या पेपरबद्दल कमी, तो न वाचताच हवाला देणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

पहिला घोळ किमतीचा. सीमाशुल्काच्या आकडेवारीत किंमत नसतेच. एकूण मूल्य असतं, एकूण वजन असतं; आपण भागाकार करतो आणि त्या युनिट व्हॅल्यूला किंमत म्हणतो. आता गंमत बघा. समजा १० लाख किलो द्राक्षं २० लाख युरोंना गेली, म्हणजे भाव २ युरो. नोंदीत वजन चुकून ८ लाख किलो पडलं. झालं, भाव अडीच युरो! कागदावर दिसतं की भाव चढला आणि खप घसरला. प्रत्यक्षात एकाही गिऱ्हाइकाने काहीच केलेलं नाही. लॉग घेऊन पाहा, ही एकटी चूक उतार बरोबर उणे १ काढून दाखवते. म्हणून उत्तर उणे १च्या आसपास आलं की मला आधी शंका येते. आणि वजन अचूक असलं तरी एखाद्या वर्षी पांढऱ्या बिनबियांच्या जागी महाग लाल वाण जास्त गेला, तर कुठल्याच वाणाचा भाव न हलता युनिट व्हॅल्यू वर जाते.

दुसरा घोळ कॅलेंडरचा. नाशिकची द्राक्षं युरोपात मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये विकली जातात, इटलीची उन्हाळ्यात आणि शरदात. वार्षिक डेटात मात्र हे दोघे एकमेकांची गिऱ्हाइकं पळवताना दिसतात. आर्मिंग्टन यांच्या साध्या रूपात एका बाजारातल्या कुठल्याही दोन देशांमधली लवचिकता सारखीच धरलेली असते. हे गृहीतक त्यांनी लपवलेलं नाही, आपणच ते तपासत नाही.

किंमत आणि प्रमाण एकमेकांना ठरवतात, त्यामुळे साध्या रिग्रेशनचं उत्तर बिघडतं, हे गाय ऑर्कट यांनी १९५०मध्येच मांडलं होतं. त्यात २०१०सारखं वर्ष येतं. क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली. त्या वर्षीच्या आकड्यांत भावाची स्पर्धा शोधणं म्हणजे पाऊस पडून रद्द झालेल्या सामन्यात बॅटिंगची सरासरी काढणं.

हे नुसते तांत्रिक नखरे नाहीत. लवचिकता मोठी आली की प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात शिफारस ठरलेली: भाव उतरवा, बाजार जिंका. जहाजाचं भाडं, शीतगृह, पॅकिंग यांत फारसं काही उतरत नाही. उतरतो तो निफाड-दिंडोरीच्या बागेतला दर.

तेव्हा रिग्रेशनच्या आधी एक तक्ता करा: महिनावार, देशवार वजन. युरोस्टॅटवर हे आकडे फुकट मिळतात. दोन्ही देश एकाच वेळी बाजारात असतात त्या महिन्यांवर खुणा करा आणि तेवढेच वापरा. निरीक्षणं कमी उरतील, गाईड कुरकुरतील. कुरकुरू देत.