चेपलेला घन आणि पडद्यावरचा अंतःस्फोट

पत्र्याच्या डब्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात करून दाखवला असेल. डब्यात थोडे पाणी उकळायचे, वाफेने आतली हवा बाहेर घालवली की डबा आचेवरून उतरवून झाकण घट्ट लावायचे आणि वरून गार पाणी ओतायचे. आतल्या वाफेचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि डबा कडकड आवाज करीत चेपतो. ‘असे का झाले?’ असे विचारले की हमखास उत्तर येते, ‘पोकळीने पत्रा आत ओढला.’ हे उत्तर चूक आहे. पोकळी काहीही ओढत नाही. बाहेरची हवा पत्रा आत ढकलते. बाहेरच्या जास्त दाबामुळे एखादी पोकळ वस्तू एकाएकी आत कोसळणे, यालाच अंतःस्फोट म्हणतात.

याच तत्त्वावर एका शिल्पकाराने आपली कला उभी केली. एव्हर्ट हिल्गेमन यांचा जन्म १९३८ साली जर्मनीतील विटेन येथे झाला आणि पुढे ते नेदरलँड्समध्ये स्थायिक झाले. काटेकोर भौमितिक आकार हा त्यांच्या आवडीचा विषय. १९८० च्या दशकापासून त्यांनी स्टेनलेस स्टीलचे पत्रे वेल्डिंगने जोडून हवाबंद घन आणि स्तंभ तयार केले व निर्वात पंपाने त्यांतील हवा काढून घेतली. पुढचे काम वातावरणाने केले. अशी शिल्पे २०१४ साली न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर मांडली गेली होती.

येथे थोडा हिशेब करू. एक मीटर बाजू असलेल्या घनाच्या एका पृष्ठाचे क्षेत्रफळ १०,००० चौरस सेंटिमीटर असते. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण एक किलोग्रॅम धरला, तर एका पृष्ठावर सुमारे १० टन भार येतो. हा भार पंप सुरू होण्यापूर्वीही असतोच, पण आतली हवा तेवढ्याच जोराने बाहेर रेटत असल्याने तो जाणवत नाही. पंप नवा भार आणत नाही, आतला आधार तेवढा काढून घेतो.

सपाट पत्रा वाकायला सोपा, म्हणून आधी पृष्ठे आत जातात. कडा जास्त वेळ तग धरतात. नंतर कोणती कड कोठे दुमडेल, हे पत्र्यातील आणि जोडातील बारीकसारीक फरकांवर ठरते. त्यामुळे एकाच मापाचे दोन घन सारखे चेपत नाहीत. शेवटी पोलाद उशीसारखे मऊ दिसू लागते. शेवटचा आकार कलावंताने आपल्या हाताने न देता निसर्गावर सोपवला, हे या शिल्पांचे खरे बळ आहे.

उणीवही सांगायला हवी. चकचकीत पृष्ठभागामुळे काही वेळा नजर शोभेवरच थांबते आणि कृती न पाहिलेल्या माणसाला शिल्पावर घण मारला असावा असे वाटू शकते. बारकाईने पाहणाऱ्याला मात्र उत्तर शिल्पातच सापडते. घणाचा पोचा एका जागी पडतो. येथे सगळी पृष्ठे आत गेलेली असतात, कारण हवा सर्व बाजूंनी दाबते.

पडद्यावर अंतःस्फोट दाखवायची सोपी युक्ती म्हणजे स्फोटाची चित्रफीत उलटी फिरवणे. दूर उडालेले तुकडे परत येतात आणि वस्तू अखंड होते. दृश्य आकर्षक असले, तरी तो अंतःस्फोट नव्हे. अंतःस्फोटात आरंभी वस्तू अखंड असते आणि शेवटी चेपलेली किंवा फुटलेली.

दुसरा मार्ग संगणकीय प्रतिरूपाचा. यात वस्तूचे कवच लहान लहान त्रिकोणांच्या वा चौकोनांच्या जाळ्याने बनवतात आणि प्रत्येकावरील बल मोजून पुढचे चित्र काढतात. येथे हवा नसते, दाबाचा आकडा असतो. जाळे अगदी सममित असेल, तर चेपणेही बहुधा सममित येते. पत्र्यातील दोष मुद्दाम घालावा लागतो. हे काम प्रामाणिकपणे केले, तर त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अडचण कोठे येते, हे १८ जून २०२३ च्या दुर्घटनेनंतर दिसले. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी अटलांटिक महासागरात तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर अंतःस्फोटाने नष्ट झाली आणि आतील पाचही जण मरण पावले. तेथे पाण्याचा दाब वातावरणाच्या ३०० पटींहून अधिक असतो. तो क्षण बाहेरून कोणीही पाहिलेला नाही. तरी पाठोपाठ त्याच्या संगणकीय चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. सेकंदाच्या लहानशा अंशात संपलेली घटना त्यांत सावकाश उलगडते. कवच आधी कोठे खचले, हे त्या ठामपणे दाखवतात. पण ते मोजलेले आहे की कल्पिलेले, हे केवळ चित्र पाहून कळत नाही. पाच माणसांच्या मृत्यूचे चित्र काढणाऱ्याने एवढे सांगणे कर्तव्यच ठरते.

हाच शब्द माध्यमांच्या चर्चेतही आला. मार्शल मॅक्लुहन यांनी १९६४ च्या ‘अंडरस्टँडिंग मीडिया’ या ग्रंथात, विजेच्या वेगाने अंतरे मिटून जग आत आकसत आहे, या अर्थाने तो वापरला. उपमा म्हणून ती बोलकी आहे. तरीही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावे : येथे दाब कोणाचा, आणि खचणारी भिंत कोणती? उत्तर मिळाले तर उपमा कामाची. नाहीतर तो नुसता भारदस्त शब्द.

पुढच्या वेळी डबा चेपला की मुलांना त्याचे चित्र काढायला सांगावे आणि बलाचे बाण दाखवायला सांगावे. मग हिल्गेमन यांच्या शिल्पाचे छायाचित्र आणि एखादी चित्रफीत त्यांच्यापुढे ठेवून तेथेही बाण काढून घ्यावेत. बाण पोकळीतून निघाले आहेत की बाहेरून आत येत आहेत, एवढे पाहिले तरी धडा कितपत समजला ते कळेल.