पोटकलम तिसरं

निकालपत्र चवीनं वाचावं असं म्हटलं की लोक हसतात. जिंकलो की हरलो, एवढं कळलं की कागद दप्तरी. पण ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ हा सर्वोच्च न्यायालयाचा 1982 सालचा निकाल मराठवाड्यातल्या आमच्या सिरसाळ्याच्या माणसानं सावकाश वाचावाच. त्यात सिरसाळ्याचं नाव नाही, गाऱ्हाणं मात्र सिरसाळ्याचंच आहे.

इथं कुणी बांध कोरला तर दावा लागतो परळीच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तरावर. तिथं हरलात तर अपील अंबाजोगाईच्या जिल्हा न्यायालयात. खुनाचा गुन्हा सिरसाळा ठाण्यात नोंदला, तरी खटला चालतो सत्र न्यायालयातच. इथपर्यंत भाकरी बांधून निघालेला माणूस दिवेलागणीला घरी पोचतो. गोम पुढच्या पायरीला होती. दुसरं अपील, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, उच्च न्यायालयात. मराठवाड्यासाठी ते 1956 पर्यंत हैदराबादला होतं, नंतर मुंबईला गेलं. नागपूरला न्यायमूर्ती तेव्हापासूनच बसू लागले. आमच्या वाट्याला रात्रभराचा प्रवास, परक्या शहरातला मुक्काम आणि ‘आज बोर्डावर नाही’ हे उत्तर.

विधानसभेनं 1978 मध्ये औरंगाबादच्या खंडपीठासाठी ठराव केला. दिल्लीची मंजुरी येईना. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम 51 उघडलं. पहिलं पोटकलम मुख्य पीठाचं, दुसरं कायम खंडपीठाचं. दोन्हींची सूत्रं राष्ट्रपतींकडे. तिसरं छोटंसं: आधीच्या दोहोंत काहीही असलं तरी, राज्यपालांच्या संमतीनं मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या ठिकाणीही न्यायमूर्ती बसू शकतात. एवढ्या आधारावर 27 ऑगस्ट 1981 पासून औरंगाबादला कामकाज सुरू झालं. त्याला आव्हान मिळालं आणि मुंबई उच्च न्यायालयानंच तो आदेश रद्द केला.

सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिला न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी. खरी मजा इथं आहे. विरोधकांचा मुद्दा वरवर बिनतोड होता: हा कायदा 1956 च्या स्थित्यंतरापुरता, पंचवीस वर्षांनी त्याची धार उरली कुठे? सेन आवाज चढवत नाहीत. कलमाची मुदत कुठं लिहिली आहे, एवढंच जणू ते शोधतात. ती कुठंच नाही. मग अधिकार जिवंत आहे. तिन्ही पोटकलमं ते वेगवेगळी उभी करतात, प्रत्येकाचं काम वेगळं दाखवतात आणि तिसऱ्याला पहिल्या दोघांच्या ओझ्याखालून मोकळं करतात. मुरलेला तबलजी सम जशी अलगद गाठतो, तसा निष्कर्ष येतो. मराठवाड्याच्या हालांची हकिगत निकालात आहे, पण तिच्यावर निकाल उभा नाही. मला हाच संयम सर्वांत मोलाचा वाटतो. कळवळ्यानं दिलेला निकाल पुढच्या खंडपीठापुढे टिकेलच असं नाही. कलमातून काढलेला टिकतो.

खटकतं एकच. कोणतं काम कुणाकडे द्यायचं, हा अधिकार मुख्य न्यायमूर्तींच्या पदातच मुरलेला आहे, असं निकालात फार सढळपणे म्हटलं आहे. त्या अधिकाराला वेसण कोण घालणार, यावर सेन थांबत नाहीत. याच अधिकारावरून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या चार न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा ही उणीव मला जास्तच बोचली.

औरंगाबादचं खंडपीठ 1984 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं कायम झालं. आणि तिसरं पोटकलम अजून निवृत्त झालेलं नाही: 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, ते त्याच्याच आधारावर.