सादृश्य आणि गुणदर्शन : वऱ्हाडी ‘वानी’च्या निमित्ताने

मराठीच्या अध्यापनात सादृश्याचा विचार बहुधा उपमा अलंकारापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द ही चार अंगे पाठ करून घेतली जातात. साम्यवाचक शब्दाच्या निवडीने अर्थात कोणता फरक पडतो, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक दंडीने ‘काव्यादर्शा’त अशा शब्दांची स्वतंत्र यादीच दिली आहे.

प्रमाण मराठीत ‘वाघासारखा मुलगा’, ‘वाघासारखी मुलगी’ अशी रूपे होतात. ‘सारखा’ विशेष्याच्या लिंगवचनानुसार बदलतो. म्हणजेच सादृश्य येथे गुणविशेषण ठरते. ‘वाघाप्रमाणे लढला’ यातील ‘प्रमाणे’ अविकारी असून साम्य क्रियेचे आहे. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या धाड परिसरासह बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडीत ‘वानी’ हे एकच शब्दयोगी अव्यय दोन्ही कार्ये पार पाडते : ‘वाघावानी पोरगा’, ‘वाघावानी पोरगी’, ‘वाघावानी लढला’. अर्थाचा निर्णय पुढील नाम वा क्रियापद करते. ही उणीव नसून निराळी व्यवस्था आहे.

सादृश्य आणि गुण यांची सीमारेषा प्रमाण भाषेतही पुसट आहे. ‘फुलासा’ यात ‘सा’ साम्य दर्शवितो, तर ‘लहानसा’ यात तोच गुणाची मात्रा सौम्य करतो. ‘मातकट’, ‘तेलकट’ ही विशेषणे तर पदार्थाच्या नामापासूनच सिद्ध झाली आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातील कारुक या आदिवासी भाषेतही असेच आढळते. ‘सारखे’ व ‘काहीसे’ हे दोन्ही अर्थ देणारा एकच प्रत्यय तेथे आहे आणि ‘लाल’ या अर्थाचा शब्द ‘रक्तासारखे’ अशा घडणीचा आहे. विल्यम ब्राइट यांनी १९५७ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते तिच्या स्वतःच्या रचनेतून मांडले गेले, हे येथे महत्त्वाचे.

वऱ्हाडीच्या वाट्याला अशी दृष्टी अभावानेच आली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील बोलीचा गौरव ‘अस्सल’, ‘जिवंत’ अशा शब्दांनी होतो. परंतु त्या बोलीच्या व्याकरणाची चिकित्सा फारशी होत नाही. परिणामी ज्या वर्गात ‘धग’ची प्रशंसा होते, त्याच वर्गातील विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘वानी’खाली लाल रेघ ओढली जाते. प्रमाणलेखन शिकविणे आवश्यकच आहे. परंतु ‘अशुद्ध’ असा शेरा मारण्याऐवजी ‘वानी’ आणि ‘सारखा’ यांतील रचनाभेद समजावून दिल्यास विद्यार्थ्यास दोन्ही व्यवस्थांचे ज्ञान होईल. बोलीचा खरा सन्मान तिच्या व्याकरणाची दखल घेण्यात आहे.