‘तारे जमीन पर’ आणि नववीतला मुलगा

मंडळी, ‘तारे जमीन पर’ हा २००७ सालचा चित्रपट. त्याचं ऋण आम्ही मान्यच करतो. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याने घराघरांत नेला. ‘ढ’ म्हणून हिणवलेल्या मुलाकडे पालक नव्याने बघू लागले.

पण आता बघा. ईशान आहे आठ-नऊ वर्षांचा. निकुंभ सर त्याला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करायला लावतात आणि एका गाण्याच्या अवधीत तो वाचू लागतो. मग हीच अडचण घेऊन नववीत बसलेल्याचं काय? ‘असर’ने २०२३ साली २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सहज वाचता आला नाही. या सगळ्यांनाच डिस्लेक्सिया असतो असं नाही. कुणाची शाळा ऊसतोडीच्या स्थलांतरात बुडते, कुणाला फळाच नीट दिसत नाही. म्हणून आधी कारण शोधावं लागतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. हे हवंच. पण सवलतीने पेपर पार पडतो, वाचन काही येत नाही. आणि ‘निपुण भारत’चं लक्ष्य तर तिसरीपर्यंतचंच!

आमचा खरा आक्षेप शेवटाला आहे. ईशान चित्रकलेत पहिला येतो आणि आपले डोळे भरून येतात. ज्याला चित्रही काढता येत नाही, त्याच्यासाठी कोण रडणार? वाचायला शिकण्यासाठी मुलाने आधी अंगातली कला सिद्ध करायची, ही अट कुठली?

मोठ्या मुलाला शिकवताना त्याचा मान राखावा लागतो. मिसरूड फुटलेल्याच्या हाती बदक-कमळाचं पुस्तक दिलं, की तो दप्तर उचलून निघतो. त्याला क्रिकेटची बातमी द्या, एसटीचं वेळापत्रक द्या. तो कुठे अडतो ते पाहा. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ या तिन्ही शब्दांत ‘र’च आहे, पण दर वेळी वेगळ्या रूपात. तेवढंच घेऊन रोज थोडा वेळ शेजारी बसून वाचा. वर्गासमोर उभं करून मात्र वाचायला लावू नका.

यात गाणं नाही, टाळ्याही नाहीत. वर्ष-दोन वर्षं लागतील. तेवढा वेळ त्याला देणारी शाळा आपल्याकडे आहे का, हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही शिल्लक राहतो.